तुरटीत दिसलेली बाई

माझ्या बटव्यात सुपारी संपल, चुना वाळल, पन तुरटीचा खडा न्हाई असं कधी झालं न्हाई. महाळुंग्यात कुनाचं दाढी करताना कापलं, कुनाची हिरडी सुजली, कुनाच्या काखंला असा वास सुटला की बायको खाट लांब सरकवाया लागली, की मानूस आमच्या दारात. "ठकुबाई, जरा खडा द्या." देते. फुकट देते. पन गोष्ट ऐकावी लागती.

माझ्या सासूनं एकदा भामा नदीत तुरटी फिरवली व्हती. पूर आल्याला, पानी तांबडं लाल, आन हिला भांडी घासायची. हिनं काठावर बसून नारळायवढा खडा आत धरला आन फिरवला. पानी असं नितळ झालं, असं नितळ झालं, की मासे लाजले. आपन उघडे दिसतोय म्हनून दगडाखाली जाऊन बसले. पार दुपारपत्तोर एक मासा वर आला न्हाई. कोळ्यांनी सासूला लई शिव्या दिल्या.

लोक हसत्यात. हसू द्या. पन त्याचा एक तोटा झाला. मी सरळ काही सांगाया गेले तरी लोक आधी हसायची तयारी करत्यात.

तर सांगत व्हते, औंदाच्या वैशाखाचं.

आमची विहीर घरामागं. वावर समदं कंपन्यांत गेलं, विहीर तेवढी राहिली. एका अंगाला कंपनीची भिंत, दुसऱ्या अंगाला बन्सीनं बांधल्याल्या भाड्याच्या खोल्या. बन्सी माझा ल्योक. पत्र्याच्या खोल्या, वळीनं, आन त्यात कंपनीत कामाला येनारी मानसं. लातूरची, परभनीची, बिहारची. आमची चूल त्याच खोल्यांवर पेटती.

वैशाखात इहिरीचं पानी तळाला गेलं. मोटार लावली की खालची चिखलाट वडून आनायची. हंड्यात बघावं तर दुधाचा चहा. मंग माझं काम सुरू. खडा हातात धरायचा, पान्यात मनगटापत्तोर बुडवायचा आन सावकाश येढं द्यायचं. मंग हात काढायचा आन हंड्याला कुनी धक्का लावायचा न्हाई. थोड्या येळानं पान्यात बारीक बारीक कापूस दिसाया लागतो. कापूस एकमेकाला धरतो, जड व्हतो, आन बसतो तळाला. वरचं पानी दुसऱ्या हंड्यात अल्लाद वतायचं. काच! खडा लई फिरवला तर मात्र पानी जिभंला वढतं आन चहाचं दूध फाटतं. त्यो अंदाज हातातच पाहिजे.

"आत्या, तुमच्या हातचं पाणी म्हणजे फिल्टर," असं माझी सून रुपाली म्हनायची. रुपाली चऱ्होलीची, शिकल्याली. माझ्याशी कमी बोलती पन खरं बोलती. लई वर्सांनी तिला पोरगी झाली, सृष्टी. आता कुठं भिंतीला धरून उभी राहायला लागल्याली. गुबगुबीत. घरात कुनी मोठ्यानं भांडं आपटलं तर रुपाली डोळे वटारायची, पोर दचकल म्हनून.

त्याच दिसांत बन्सीनं खोल्यांच्या मागं आनखी खोल्या काढायला घेतल्या. जेशीबी आनला. पायाची चर खनली. धुरळा असा की वाळत घातल्याली कपडी तांबडी. मी ओसरीला बसून बघत व्हते. जेशीबीवाला मधीच थांबला, खाली उतरला, चरीत वाकून बघितलं आन बन्सीला हाक मारली. बन्सी पन वाकला. दोगं कायतरी बोलले. मंग बन्सीनं शिमिटाची रिकामी पोती आनली, चरीत कोंबली आन पायानं माती लोटली. पायानं. फावडं बाजूला पडल्यालं असताना.

"काय झालं रं?" म्या हितनंच इचारलं.

"काय न्हाई आये. दगड लागला."

दगड लागला तर त्याला पोतं कशाला पांघरायचं? पन म्या म्हनलं, असंल.

पुढच्याच आठवड्यात आम्रपाली आमच्या दारात आली. आम्रपाली म्हंजी शेवटच्या खोलीतली भाडेकरीन. परभनीकडची, ती आन तिचा नवरा समाधान, दोघंबी कंपनीत. ती वायरीच्या कामावर, उभं राहून राहून पायाला भेगा. भेगांना म्याच तुरटीचं पानी सांगितल्यालं. खांद्याला कंपनीची निळी पिशवी, केसांचा आंबाडा घट्ट. सृष्टीला बघितलं की पिशवी टाकून आधी तिला उचलायची. "काय गं माझी लोन्याची गोळी!"

त्या दिशी तिनं उचललं न्हाई. दारातच उभी राहिली.

"आजे, पान्याला वास येऊ लागलाय."

रुपाली आतनं आली. "कसला वास?"

"सांगता येईना ताई. पन येऊ लागलाय. कपडे धुतले तरी येतोय."

"आमच्या विहिरीला?"

म्या मधी पडले. "उन्हाळ्यात तळाचं पानी हाय पोरी, मातीचा वास असंल."

"मातीचा वास मला कळतो आजे," आम्रपाली म्हनली. "मी कापूस येचून मोठी झाले."

झालं. रुपालीच्या मनाला ते लागलं. दुसऱ्या दिशी आम्रपालीच्या दारात पान्याचा जार आला. इकतचा. आन आमच्या भावकीतली माझी धाकटी चुलत जाऊ कुसुमताई, जिला समद्या गावाच्या दारातलं दिसतं, ती आली आन पदर तोंडाला लावून म्हनली, "बघा जाऊबाई, काय दिवस आलं. आमच्या सासवा हिच्या जातीच्या बाईला इहिरीच्या कठड्याला हात लावू देत न्हवत्या. आन आता हिलाच आपलं पानी चालंना."

म्या म्हनलं, "कुसुम, तुझ्या सासूची मिशी पन लोकांना चालत न्हवती. पन बोललं का कोन?"

ती पदर सावरत उठली, पन जाता जाता संशयाचं बी पेरून गेली.

मंग सृष्टीला जुलाब लागले.

पह्यल्या दिशी वाटलं, दात येत असतील. दुसऱ्या दिशी उलट्या. रुपालीनं चाकणला डाक्टरीनबाईकडं नेलं, मी संगं. रस्त्यावर टरकांची रांग, रिक्षात धगीनं जीव जात व्हता, आन पोर माझ्या मांडीवर वल्या फडक्यावानी. डाक्टरीनबाईनं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगीच बसली न्हाई.

"पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं," रुपाली म्हनली. "पण आम्ही तुरटी फिरवतो. अगदी स्वच्छ असतं."

"तुरटीनं गाळ बसतो. जंतू बसत नाहीत. उकळून द्या, आणि ही पावडर त्यात कालवून थोडी थोडी पाजत राहा. आज रात्रीपर्यंत लघवी झाली नाही तर मोठ्या दवाखान्यात हलवा."

रुपालीनं मान हलवली. घरी आल्यावर पानी गॅसवर ठिवलं, तवर पोरीनं परत केलं, ती तिकडं पळाली, पानी कोमट झालं न झालं आन तसंच उतरवलं. दिसायला काच व्हतं ना. काचंला कोन किती उकळतंय?

पावडर पाजली की पोर वकायची. रातच्याला चार थेंब लघवी झाली म्हनून मोठा दवाखाना लांबला. टाळू खड्ड्यात गेल्याली. वठ सुकून पापुद्रं. रडायची, पन डोळ्यात टिपूस न्हाई. त्यो कोरडा रडा म्या जन्मात इसरनार न्हाई. बिनपावसाची वीज असती तसा.

दुसऱ्या दिशी दुपारी मी हंडा वतला. वरचं पानी काढलं आन तळ बघितला. रोज तळाला तांबूस, पेढ्यावानी गाळ असायचा. आज काळा. शेंबडावानी. आन काही कापूस खाली बसलाच न्हवता, वर तरंगत व्हता, त्यात बारीक फेस. म्या बोट घातलं, नाकाशी नेलं.

मला कापूस येचाया लागला न्हाई ते कळायला.

उठले. गुडघं धरत मागं गेले. चरीच्या ज्या जागी बन्सीनं पोती कोंबली व्हती, तिथली माती वैशाखाच्या उन्हात वली व्हती. हिरवट. माश्या घोंगावत व्हत्या. आन त्या जागंपासनं इहीर, मी म्हातारी थुंकले तरी थुंकी पोचल.

बन्सी इटा मोजत उभा व्हता. म्या त्येच्या दंडाला धरलं.

"बन्सी, खोल्यांच्या संडासाची पायप फुटली का रं?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. मंग हळू बोलला, "आये, आवाज खाली."

"फुटली का?"

"जरा चीर गेलीया. बुजवलीया म्या. पाया भरला की नवी टाकनार हाय."

"पोर मरंल रं."

"तिला दात येत्यात!" तो एकदम खेकसला. मंग परत हळू. "खोल्यांतल्या मानसांना कळलं की इहिरीत संडासाचं पानी उतरतंया, उद्याच्याला समदे सामान उचलतील. मंग खानार काय आपन? तुझी तुरटी?"

"रुपालीला सांग."

"तू पन सांगू नको. आन सांगितलंस तरी तुझं ऐकतंय कोन?"

हे मातुर त्यानं खरं सांगितलं. मी तशीच घरात गेले. रुपाली पोरीच्या वठांवर वला कापूस फिरवत बसली व्हती. डोळे सुजल्याले.

"रुपाले, इहिरीत संडासाची पायप पाझरतीया. हे पानी टाक."

तिनं माझ्याकडं बघितलं. कपाळावर आठी. "आत्या, आता नको ना. हात जोडते. आता गोष्टी नको."

"गोष्ट न्हाई गं ही."

"मासे लाजले ती पण गोष्ट नव्हती तुमची. शपथ घेतली होती तुम्ही."

घेतली व्हती. काय बोलनार? सासूच्या गळ्याची घेतली व्हती, सासू कवाच गेल्याली.

म्या हंडा उचलून वताया गेले तर तिनं माझ्या हातातनं काढून घेतला. "पाणी वाया घालवू नका, मोटर बंद आहे." आन त्यातलंच वाटीत घेतलं. माझा हात तिच्या मनगटावर गेला. तिनं झटकला. सून म्हनून आल्यापासनं तिनं माझा हात कधी झटकला न्हवता. वाटी मात्र तशीच फरशीवर राहिली, कारन पोरीनं डोळे पांढरे केले आन आमी दोघी तिच्यावर वाकलो.

सांज व्हता व्हता कुसुमताई आली. हातात खापर, त्यात गोवरीचा इस्तू. पाठीमागं भावकीतल्या चार बाया.

"डाक्टर करून झाला. आता दृष्ट काढायची," ती म्हनली. "लोन्याची गोळी म्हनून कोन उचलत व्हतं रोज? आन पोर पडल्यापासनं कोन आलं न्हाई दारात?"

"तिला सध्या ओव्हरटाइम आहे," रुपाली म्हनली, पन आवाजात दम न्हवता.

"आन आपलं पानी पीत न्हाई. का पीत न्हाई? जिनं काय केलंय तिलाच ठावं असतंय."

बन्सी दाराला टेकून उभा व्हता. म्या त्येच्याकडं बघितलं. तो बोलंल म्हनून वाट बघितली. आन तो बोलला.

"म्या तिला खोली खाली कराया सांगितलीया. सकाळीच."

  माझा ल्योक. लहानपनी आंबा चोरला तरी माझ्याम्होरं डोळा न उचलनारा.

"हिकडं आना तुरटी," कुसुमताई म्हनली. "जाऊबाई, तुमच्या हातचा खडा. आन सांगायचं पन तुमीच. तुमच्यासारखं तुरटीतलं कुनाला वाचता येत न्हाई."

हे आमच्याकडचं जुनं. खडा पोरावरनं उतरवायचा, इस्तवावर टाकायचा. तुरटी आधी पाझरती, मंग चुरचुर करत उकळती, आन मंग फुगती. पांढरी लाही. फुगताना काय काय आकार व्हतो, आन त्यात बघायचं कुनाची नजर लागली. म्या आजवर त्यात काय काय दाखवलंय! कुनाची नणंद, कुनाचा इमा एजंट. हसू यायचं आन पोराचं रडं थांबायचं, तेवढंच त्याचं औषध. पन आज कुनी हसनार न्हवतं.

म्या बटवा सोडला. खडा तिच्या हातात दिला.

कुसुमताईनं खडा पोरीवरनं उतरवला, वठातल्या वठात पुटपुटली आन इस्तवावर टाकला. चर्र झालं. तुरटी पातळ झाली, बुडबुडं आलं. समद्या बाया वाकल्या. धुरानं डोळे झोंबत व्हते. तेवढ्यात बाहेर बस थांबल्याचा आवाज आला आन अंगनात आम्रपाली आली. कंपनीतनं सरळ. मागनं समाधान, तिचा नवरा. तिनं दारातनं सृष्टीला बघितलं आन पिशवी खांद्याला तशीच ठिवून उंबऱ्यापाशी आली.

"काय झालं पोरीला?"

"तिथंच थांब," कुसुमताई म्हनली.

ती थांबली. समाधानच्या कपाळाची शीर उभी राहिली, पन तिनं मागं हात करून त्याला धरलं.

लाही फुगून थंड झाली. कुसुमताईनं चिमट्यानं उचलून पाटावर ठिवली. खाली जाड धड, वर बारीक वाकल्याली मान, आन एका अंगाला फुगीर गाठ.

"आग्गाबाई!" कुसुमताईनं छातीला हात लावला. "बघा. ही कंबर. ही वाकल्याली मान. आन ही खांद्याला पिशवी. आता आनखी काय बघायचं?"

समद्या बायांनी पाटाकडं बघितलं आन मंग उंबऱ्याकडं. आम्रपालीच्या खांद्यावरची पिशवी तिनं नकळत घट्ट धरली. तिच्या डोळ्यांत भीती न्हवती. दमनूक व्हती. हे आधी कुठंतरी झाल्यालं असलं की येती तशी.

रुपाली पोरीला छातीशी धरून उठली. "काय वाईट केलं होतं गं तुझं मी? भाडं उशिरा दिलंस तरी बोलले नाही कधी."

"ताई, म्या काय केलं?"

"आये," बन्सी म्हनला. "तू सांग. तुझा शबूद शेवटचा."

माझ्याकडं बघत व्हता. इनवत व्हता. पोटच्या पोराची नजर. एक शबूद, आन त्याच्या खोल्या वाचत व्हत्या, त्याचं नाव वाचत व्हतं. आम्रपाली कोन माझी?

मी पाट म्होरं वढला. लाही हातात घेतली, हलकी, वाळल्या शेनावानी. हिकडं फिरवली. तिकडं फिरवली. येळ घेतला. लोकांनी श्वास धरला की गोष्ट सांगनाऱ्याला आयतंच मैदान मिळतं.

"कुसुम," म्या म्हनलं, "तुझ्या डोळ्याला मोतीबिंदू झालाय."

"का वं?"

"ही बाई न्हाई."

"मंग काय हाय?"

म्या लाही आडवी केली. "हे धड, खाली जाड. हे बघ, दोन्ही अंगाला चाक. ही मान न्हाई, हा वाकडा हात हाय. आन ही पिशवी न्हाई. हिला दात हायेत. मोज." म्या लाही समद्यांम्होरं फिरवली. "जेशीबी हाय ह्यो."

कुनीतरी मागं फिस्सकन हसलं आन लगीच थांबलं.

"जाऊबाई, येड लागलं का?" कुसुमताई म्हनली. "यंत्राची कुठं दृष्ट लागती?"

"लागती. माझ्या सासूनं सांगून ठिवलंय. यंत्राचं तोंड जमिनीत जिथं जातं तिथं त्येची नजर राहती. घरातलं सगळ्यात बारकं जे असंल त्येला ती खाती. उतारा एकच. यंत्रानं जिथं तोंड घातलं तिथं इस्तू इझायच्या आत खनायचं."

"तुमच्या सासूच्या येळंला जेशीबी कुठं व्हता?"

"तेच म्हनते मी. किती पुढचं दिसायचं तिला!"

 दृष्ट खरी म्हनायची तर तुरटी खरी, तुरटी खरी तर वाचनारी मी. तिनंच मला घोड्यावर बसवलं व्हतं, आता लगाम माझ्या हातात.

पन रुपाली कुसुमताईकडं बघतच न्हवती. ती बन्सीकडं बघत व्हती. बन्सीच्या तोंडाचा रंग उतरला व्हता, त्या लाहीवानी.

"जेसीबीनं कुठं खणलं होतं हो?" तिनं इचारलं.

"आये काय पन बोलतीया. पोरीला दवाखान्यात न्यायचं सोडून..."

"कुठं खणलं होतं?"

"पायाची चर. तू बघितलीच की."

"दाखवा."

तो हलला न्हाई. समाधान हलला. कोपऱ्यातलं फावडं त्यानं उचललं आन मागं चालाया लागला. तवा बन्सी धावला. "ए, थांब! माझी जागा हाय ही!" पन मागनं बाया निघाल्या व्हत्या, खोल्यांतली मानसं बाहेर आली व्हती, आन कुनाकुनाला अडवनार? त्यानं समाधानच्या हातातनं फावडं हिसकावलं. आन मंग काय करावं कळंना म्हनून सवताच खनाया लागला. मला वाटतं, दुसऱ्या कुनी खनलेलं त्येला बघवलं नसतं.

दोन घाव घातले आन वास आला. असा की बायांनी पदर दाबले. पोती वर आली, काळी, गळनारी. खाली पायप, मधोमध फुटल्याली, आन तिच्यातनं हळूहळू, संत, इहिरीच्या बाजूला चाललंय. चरीच्या भिंतीला वली रेघ पार कठड्यापत्तोर.

 कंपनीच्या भिंतीपलीकडं भोंगा झाला.

रुपाली घरात गेली. परत आली ती हंडा घिऊन. म्या नितळवल्याला, काचंवानी. बन्सीच्या पायावर वतला. समदा. सावकाश, शेवटच्या थेंबापत्तोर. बन्सी तसाच उभा, चपलीत पानी, मान खाली. त्याला मारलं असतं तर बरं वाटलं असतं त्येला.

मंग ती पोरीला घिऊन आम्रपालीच्या दाराम्होरं गेली. आम्रपाली आपल्या खोलीत आल्याली, समाधाननं सामानाची एक पिशवी भरल्याली दिसत व्हती. रुपालीनं पावडरची पुडी म्होरं धरली. 

"पाणी..." एवढंच म्हनली.

आम्रपालीनं तिच्याकडं बघितलं. पोर कन्हली आन तिनं भांडं घेतलं. जार वाकडा केला, पानी पातेल्यात घेतलं, गॅस पेटवला.

"हे इकतचं हाय, तरी उकळून देते," ती म्हनली. "बसा ताई. उभ्यानं निवत न्हाई."

पानी उकळंस्तवर दोघी एका खाटंवर बसल्या. मधी पोर. आम्रपालीनं रिक्षा बोलवायला समाधानला पाठवलं. चमच्यानं पह्यला घोट तिनंच पाजला. पोरीनं वकला न्हाई.

"खोली सोडू नकोस," रुपाली म्हनली, जमिनीकडं बघत.

"ते मी ठरवीन," आम्रपाली म्हनली. "आधी दवाखाना."

रिक्षात तिघी गेल्या. मला जागा न्हवती, आन माझे गुडघे पन धड न्हाईत.

बन्सी रातभर पायप काढत व्हता. सकाळी दवाखान्यातनं फोन आला. रुपालीचा. तिनं सरळ फोन पोरीच्या तोंडाशी धरला. पोर रडत व्हती. वलं रडं. नाकातनं सूं सूं पानी ऐकू येत व्हतं. सलाईन लावल्यालं, सुईचा राग आल्याला. म्या फोन बन्सीच्या कानाला लावला. तो ऐकत राहिला. फोन कवाच बंद झाल्याला, तरी ऐकत राहिला.

मंग म्हनला, "आये, इहीर उपसून घेतो. पावडर टाकून घेतो. तवर टँकर."

"आन खोल्यांतल्या मानसांना?"

"सांगितलं. मधल्या खोलीतले दोघं गेले. बाकीचे बघू म्हनले."

तवा मला त्येचा तळवा दिसला. पायपेच्या फुटक्या काठानं चिरल्याला, फडकं गुंडाळल्यालं, फडकं लाल.

"दाखव हिकडं. आधी उकळून निवल्याल्या पान्यानं साबन लावून धू. आन मंग धनुर्वाताचं इंजेक्शन घे, न्हाईतर मी बोंबलीन."

तो धुऊन आला. हात म्होरं केला, लहानपनी करायचा तसा. रगत अजून झिरपत व्हतं.

म्या उशाजवळच्या कोनाड्यातनं पाटावरची लाही काढली. कालपासनं तिथंच ठिवली व्हती. कुसुमताई तिठ्यावर टाका म्हनत व्हती, म्या म्हनलं टाकते. सकाळच्या उन्हात एकदा नीट बघितली.

आता तुमाला म्हनून सांगते. बन्सीला न्हाई, कुसुमला तर न्हाईच. जेशीबी कसला? चाक न्हाई, दात न्हाई. ही कंबर, ही वाकल्याली मान, ह्यो घट्ट आंबाडा, आन खांद्याला पिशवी. आम्रपाली व्हती. हुबेहूब. नाकाचा शेंडासुदीक.

पाट्यावर ठिवली आन वरवंटा फिरवला. पीठ झालं, पांढरं, मऊ. चिमूट भरून बन्सीच्या चिरंवर दाबली.

"आयं!" तो वरडला.

"चुरचुरतंय?"

"लई."

"चुरचुरू दे," म्या म्हनलं आन हात सोडला न्हाई, रगत थांबंस्तवर.